बाबांची कोरी चिठ्ठी

आमच्या ऑफिसात माझी ख्याती पोल टाकणारी बाई अशी आहे. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये आमची कंपनी आहे, चिप तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो, आणि माझ्या टीममध्ये चिनी, मलय, तमिळ, फिलिपिनो आणि एक हट्टी बंगाली अशी सगळी मंडळी आहेत. कशावरूनही तंटा निघाला की मी मतदान घेते. सगळे खूश होतात. खरी गोष्ट अशी की निर्णय मी आदल्या दिवशीच घेतलेला असतो. पर्याय असे लिहायचे की कुठलाही निवडून आला तरी आपल्याला चालावा. आणि तळाशी एक ओळ घालायची: जे उत्तर देणार नाहीत त्यांची बहुमताला संमती आहे असं धरण्यात येईल. या एका ओळीच्या जोरावर तू मॅनेजर झालीस, असं नवरा म्हणतो. हीच विद्या मी यंदा घरी, माझ्या वडिलांवर चालवली. त्याची लाज अजून गेलेली नाही, आणि लवकर जावी असंही मला वाटत नाही.

मतदानाचं वेड मुळात त्यांचंच. बाबा फोंड्याजवळच्या आमच्या गावात मराठी शाळेचे मास्तर होते. कुत्र्याचं नाव काय ठेवायचं इथपासून चवथीला मखर कसलं करायचं इथपर्यंत आमच्या घरात सगळं चिठ्ठ्यांवर ठरायचं. आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ, चौघांच्या मताला सारखी किंमत. निकाल लागला की हरलेल्याने स्वतः उठून जिंकलेल्याला ‘जिंकलास’ म्हणायचं, हा घरचा नियम. लहानपणी या नियमाचा मला भारी राग यायचा. एक तर हरायचं, वर आपल्याच हाताने जखमेवर मीठ चोळून घ्यायचं. बाबा म्हणायचे, "बाय, जिंकणं कुणालाही जमतं. हरणं शिकावं लागतं."

अशा माणसाची मी मुलगी, आणि खऱ्या निवडणुकीत मी जन्मात एकदाही मत दिलेलं नाही. बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला गेले, नाव गोव्याच्या यादीत राहिलं, आणि मतदानाच्या दिवशी नेमकी परीक्षा असायची किंवा कंटाळा आलेला असायचा. मग सिंगापूर. इथे आम्ही पीआर आहोत, म्हणजे राहता येतं, कर भरता येतो, मत देता येत नाही. निवडणुकीच्या दिवशी आमचा सगळा ब्लॉक जवळच्या शाळेत रांग लावतो आणि आम्ही सुट्टी मिळाली म्हणून ईस्ट कोस्टच्या वाळूत डबा घेऊन जातो. बाबांना हे मी कधी सरळ सांगितलं नव्हतं.

आई गेल्यावर बाबा गोव्याच्या घरात एकटे राहिले. अगदीच एकटे म्हणता येणार नाही, कारण घराला घर लागून मोठे काका राहतात, बाबांचे थोरले भाऊ. दोघे रोज संध्याकाळी काकांच्या ओसरीवर बसून भांडतात. भांडणाचा विषय पन्नासहून जास्त वर्षं एकच आहे, तो पुढे येईलच. गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. कोंकणी ही मराठीचीच बोली असं आयुष्यभर ठासून सांगणारा माणूस पडताना मात्र ‘आवय गे’ म्हणून कोंकणीतच ओरडला, असं काका गावभर सांगत सुटले. हाड मोडलं नाही, पण आमचं धाबं दणाणलं. भाऊ पुण्याहून धावला, त्याने त्यांना विमानात बसवलं, आणि ‘थोडे दिवस बायकडे’ असं सांगून आम्ही त्यांना बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांच्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पास काढला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "थोड्या दिवसांसाठी लाँग टर्म कशाला?" मी म्हटलं, इथली पद्धत आहे बाबा.

त्यांना घरी जायचं होतं. चार-आठ दिवस गेले की ते जेवताना विषय काढत. "काकाला ऐकू येत नाही, फोनवर काही कळत नाही त्याला. संध्याकाळी एकटाच बसत असेल." आम्ही कोशिंबीर पुढे सरकवत असू. आमची बाजूही खोटी नव्हती. काका बाबांहून म्हातारे, चुलतभाऊ आणि त्याची बायको दिवसभर मडगावला कामावर. पुन्हा पाय घसरला तर उचलणार कोण? रात्री झोपताना मला ती न्हाणीघरातली ओली फरशी दिसायची. पण हे त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं धाडस मला झालं नाही. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, हे एक कारण. आणि ते घरी जातो म्हणाले तर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार, हे दुसरं.

बाबांना बेडोक छान मानवलंय, असं आम्ही फोनवर सगळ्यांना सांगायचो. थोडं खरंही होतं. शनिवारी सकाळी ते माझ्याबरोबर खालच्या बाजारात मासे घ्यायला येत. माशांच्या बाबतीत आमच्या घरात लोकशाही कधीच नव्हती. बाबा कल्ले उघडून बघणार, पोट दाबणार, मासेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने कोंकणीतून नावं ठेवणार, मग एकेक बांगडा स्वतः निवडणार. त्यानंतर हॉकर सेंटरमध्ये बिनसाखरेची काळी कॉफी. ‘कोपी ओ कोसोंग’ एवढे शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यातच पाठ केले. तिथेच त्यांची आमच्या शेजारच्या आंटींशी गट्टी जमली. आंटी आमच्याच मजल्यावर राहतात, चिनी, बाबांहून मोठ्या, आणि जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या. दोन मास्तर एका टेबलाशी बसल्यावर काय होणार? दोघांचं इंग्रजी आपापलं, पण कुणाचंच काही अडलं नाही.

त्याच सुमारास माझ्या लेकीला शाळेत इतिहासाचा प्रकल्प मिळाला. बासष्ट साली सिंगापुरात सार्वमत झालं होतं, ते आठवणाऱ्या कुणाशी तरी बोलून या, असा. ती शेजारी आंटींकडे गेली. आंटी म्हणाल्या, खाली बसू, तुझ्या आजोबांना पण बोलव. रविवारी संध्याकाळी ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो. लेकीने फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसची मेल निपटत होते.

आंटी तेव्हा नुकत्याच शिक्षिका झाल्या होत्या. सिंगापूर ब्रिटिशांच्याच हाताखाली होतं, घरचा कारभार तेवढा इथल्यांचा. शेजारच्या मलायाबरोबर मिळून एक देश करायचं घाटत होतं आणि लोकांचं मत घ्यायचं ठरलं. मत देणं सक्तीचं.

"थ्री चॉइस," आंटींनी बोटं वर केली. "ए इज मर्जर. बी ऑल्सो मर्जर. सी ऑल्सो मर्जर."

"अँड नो?" लेकीने विचारलं.

"व्हेअर गॉट नो?" आंटी म्हणाल्या.

म्हणजे विलीन व्हायचं की नाही हा प्रश्नच कागदावर नव्हता. कुठल्या अटींवर व्हायचं, एवढंच विचारलं होतं. ज्यांना त्या अटी नको होत्या त्यांच्यात कोरी मतपत्रिका टाकायची असं चाललं होतं. आंटींनीही कोरी टाकली. नवऱ्याने ‘ए’ टाक म्हणून बजावलं होतं, तरी. पण कोऱ्या मताचा अर्थ बहुमताला पाठिंबा असा लावण्याची तजवीज आधीच केलेली होती, असं त्यांनी सांगितलं. "आय गिव्ह एम्प्टी," त्या म्हणाल्या. "एम्प्टी ऑल्सो दे कॅन टेक."

‘ए’ जिंकला. पुढच्या वर्षी सिंगापूर मलेशियात गेलं आणि त्यानंतर दोन वर्षांत बाहेर पडून वेगळा देश झालं. जे कागदावर कुणाला मागताच आलं नव्हतं, तेच शेवटी पदरात पडलं. लेकीने विचारलं, मग तुम्हाला अजून राग येतो का? आंटींनी जरा विचार केला. देश त्यांना आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. "बट दॅट पेपर," त्या म्हणाल्या, "आय स्टिल रिमेंबर."

एवढं ऐकल्यावर बाबा गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी आंटींना हातवारे करून आमच्या देवळातला कौल समजावला. लग्न, जमीन, परदेश, काहीही असो, माणसं देवाला विचारायला जातात. पुजारी मूर्तीच्या उजव्या अंगाला फुलांच्या पाकळ्या चिकटवतो आणि डाव्या अंगालाही चिकटवतो. मग प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला.

"लेफ्ट साइड नो फ्लॉवर," बाबा म्हणाले, "देन व्हाय आस्क गॉड?"

आंटी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले, मेल लिहिता लिहिता.

मग लेकीने आजोबांना त्यांची गोष्ट विचारली. ती मी लहानपणापासून ऐकत आलेली. पोर्तुगीज गेल्यावर काही वर्षांनी, सदुसष्ट साली, गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? विलीन व्हायचं असेल तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर. बाबा तेव्हा विशीतले, कट्टर फूलवाले. सायकलवर कर्णा बांधून गावोगाव हिंडले. मोठे काका दोन पानांचे. त्या महिन्यात दोघे भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते. आणि पानं जिंकली.

"यू क्राइड, आजोबा?"

"रडलो ना. मागच्या परसात जाऊन." बाबा आता मराठीवर आले होते. "मग आंब्याची दोन पानं तोडली आणि नेऊन भावाच्या हातावर ठेवली. म्हटलं, घे, जिंकलास. त्याने मला आत नेऊन जेवायला वाढलं."

"बट यू वाँटेड इट सो मच."

"होतंच हवं. अजूनही म्हणतो, लोकांनी चूक केली. रोज संध्याकाळी काकाला तेच तर सांगतो." बाबांनी टेबलावर बोट टेकवलं. "पण माझं फूल कागदावर होतं गो. मला विचारलं होतं त्यांनी. मग निकाल मान्य करायला काय जातं?"

लेकीला प्रकल्पात चांगले गुण पडणार, असं माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. आज हे लिहितानाही मला नवल वाटतं. पुढ्यात बसून दोन म्हातारी माणसं माझाच धडा मोठ्याने वाचून दाखवत होती, आणि मी मेलच्या शेवटी ‘रिगार्ड्स’ लिहीत होते.

कारण त्यानंतर पंधरवडाभरातच मी माझे पर्याय लिहिले. बाबांनी जेवताना पुन्हा घराचा विषय काढला होता आणि या वेळी आवाज चढला होता. मी म्हटलं, आपण आपल्या पद्धतीने ठरवू बाबा, मतदान घेऊ. त्यांचा चेहरा एकदम खुलला. मत गुप्त हवं, ते म्हणाले, आणि लेक निवडणूक अधिकारी. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी येऊन बसले. पुण्याहून भाऊ आणि भावजय व्हिडिओ कॉलवर होती. त्यांनी आपली मतं लेकीच्या फोनवर पाठवायची आणि तिने ती सारख्या चिठ्ठ्यांवर उतरवायची, अशी व्यवस्था. मतपेटी म्हणून राइस कुकरचं रिकामं भांडं.

मी छापून आणलेला कागद सगळ्यांना दिला. पहिला पर्याय, बाबांनी कायमचं आमच्याकडे सिंगापूरला राहावं. दुसरा, अर्धं वर्ष इथे, अर्धं पुण्याला भावाकडे. तिसरा, पुण्याला भावाच्या जवळच ज्येष्ठांसाठीच्या सोसायटीत फ्लॅट. तीन-तीन पर्याय. मला स्वतःचं औदार्य बघून भरून आलं होतं.

बाबांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. मग कागद उलटून मागची बाजू बघितली. मला वाटलं, अक्षर बारीक झालं असावं. मी म्हटलंसुद्धा, मोठ्याने वाचून दाखवू का? ते म्हणाले, नको, कळलं.

लेकीने चिठ्ठ्या उलगडल्या. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन. एक कोरी.

"कोरी कुणाची?" भावाने पुण्याहून विचारलं. कोरी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मग मी बोलले. रोज ऑफिसात बोलते तितक्याच सहज बोलले. "ठीक आहे, कोरी म्हणजे बहुमताला संमती असं धरू या. म्हणजे पहिल्याला चार."

लेकीने माझ्याकडे बघितलं. "मम्मी, यू सीरियस? दॅट्स एक्झॅक्टली आंटीज पेपर."

"मोठ्यांच्या मधे बोलू नकोस," मी म्हटलं. तिलाही मोठ्यांसारखं मत मीच दिलं होतं, हे विसरून.

"पोरीला ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "लागला ना निकाल." ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि आपल्या खोलीत गेले. ‘जिंकलीस’ म्हणाले नाहीत. घरचा नियम त्यांनी मोडलेला मी पहिल्यांदाच बघितला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॉफीकडे पाहिलं.

त्या दिवसापासून बाबा गुणी झाले. याहून वाईट शब्द मला सुचत नाही. जेवायला काय करू? काहीही कर. टीव्हीवर काय लावू? तुम्ही बघत असाल ते. गोव्याचा विषय त्यांनी काढला नाही, काकांचं नाव घेतलं नाही. भाऊ फोनवर म्हणाला, बघ ताई, रुळले. मीही तसंच धरून चालले होते.

मग शनिवार आला. बाजारात आम्ही नेहमीच्या मासेवाल्यापुढे उभे राहिलो. बांगडे आले होते. बाबा हात मागे बांधून उभे. मी म्हटलं, बघा ना बाबा, कुठले घ्यायचे.

"तुला बरे वाटतील ते घे," ते म्हणाले.

गोव्याच्या माणसाने मासे दुसऱ्यावर सोडले की काय समजायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आई गेली त्या दिवसांतसुद्धा, सुतक सुटल्यावर, बांगडा त्यांनीच निवडला होता. मी कसेबसे चार उचलले, कल्लेही न बघता. मासेवालासुद्धा बाबांकडे बघत राहिला, आज कल्ले कधी उघडतात म्हणून.

लिफ्टमध्ये आंटी भेटल्या. आमच्या मजल्यावर उतरल्यावर बाबा पुढे जाऊन घराचं दार उघडत होते. आंटींनी माझ्या हातातल्या पिशवीवर हलकेच बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "युअर फादर से, नाऊ ही सेम लाइक मी. एम्प्टी पेपर." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोलले असते. ज्या बाईने आपला तो कागद साठ वर्षं मनात ठेवला, तिला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं की माझ्या मुलीनेही मला तसलाच दिला.

मासे ओट्यावर टाकून मी बाबांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते. माझा सगळा आव गळून पडला होता. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. घरी जायचा पर्याय मी घातलाच नाही."

"मागेसुद्धा बघितलं मी," ते म्हणाले. "म्हटलं, मागे छापला असेल."

"घातला असता तर तुम्ही जिंकला असता असं नाही. म्हणजे, आम्ही सगळे—"

"ते मला कळत नाही होय? तुम्ही इतकी जणं, मी एकटा. फार तर पोर माझ्या बाजूने. मी हरणारच होतो." ते माझ्याकडे वळले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, आणि तेच मला सोसवेना. "हरायला मला येतं, बाय. सदुसष्टात हरलोच की. पण तू मला हरूसुद्धा दिलं नाहीस."

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. ऑफिसात माझी किती माणसं अशी न हरता घरी गेली असतील, असं मनात आलं. तो बंगाली हट्टी आहे म्हणून मी सगळ्यांना हसवते. तो हट्टी नसेलही. तो फक्त कागदाची मागची बाजू बघत असेल.

मोठमोठ्या देशांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. ब्रेक्झिट झालं तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये मी तावातावाने बोलले होते, लोकांना काही कळत नाही, असले प्रश्न लोकांपुढे ठेवूच नयेत म्हणून. आता वाटतं, लोकांना कळतं. कुठला कागद खरा आणि कुठला आधीच भरून आणलेला, एवढं तर नक्कीच कळतं. देशाने पुढे कुठे जायचं याचा अर्धा फैसला प्रश्न लिहिणाऱ्याच्या टेबलावरच झालेला असतो. उरलेला अर्धा हरलेल्यांच्या हातात असतो, ते जेवायला आत येतात की परसातच बसून राहतात यावर. माझ्या वडिलांना मी परसातच बसवून ठेवलं होतं.

मी भावाला फोन केला. "पुन्हा मतदान?" तो वैतागला. "मनासारखं येईपर्यंत घेत राहणार आहेस का, ताई?" मी म्हटलं, मनासारखं आलंय रे, म्हणूनच घ्यायचंय. त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "लहानपणी त्यांनी आपल्याला एकदा तरी असं फसवलं होतं का?" नव्हतं फसवलं. आम्ही दोघांनीही आठवून बघितलं.

पुढच्या रविवारी पुन्हा राइस कुकरचं भांडं. या वेळी कागद लेकीने लिहिला, हाताने. आधीचे तीन पर्याय आणि चौथा: आजोबांनी गोव्याला आपल्या घरी जावं. बाबांनी वाचला आणि फक्त मान हलवली. पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट.

मी चिठ्ठी घेऊन बसले. मनातून चार लिहायचं होतं. चार लिहिलं असतं तर माझी लाज धुऊन निघाली असती, त्या क्षणापुरती तरी. मी पेन टेकवलं आणि डोळ्यांपुढे ती ओली फरशी आली, आणि तिच्यावर बाबा, आणि शेजारच्या घरात ऐकू न येणारे काका. मी एक लिहिलं. घडी घातली आणि भांड्यात टाकली.

पहिल्याला चार. चौथ्याला दोन. लेकीने निकाल वाचला तेव्हा तिचा आवाज फुटला. दुसरं मत कुणाचं होतं, हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

बाबा उठले. मला वाटलं, खोलीत जातील. ते दार उघडून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. तिथे माझी कढीपत्त्याची कुंडी आहे. रोजच्या फोडण्यांनी ओरबाडलेली, शेंड्याला चार पानं उरलेली. परत आले ते हात पुढे करूनच. माझ्या तळहातावर त्यांनी दोन पानं ठेवली.

"घे," ते म्हणाले. "जिंकलीस."

मला हात मिटवेना. पडद्यावर भाऊ चष्मा काढून डोळे पुसत होता. बाबा त्यालाही म्हणाले, "जिंकलास रे." मग नवऱ्याला म्हणाले, भावजयीला म्हणाले, एकेकाकडे वळून. शेवटी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आपण दोघं हरलो, आता हसायचं. तिला जमलं नाही.

"काकांना काय कळवू?" मी विचारलं.

"मी हरलो म्हणून कळव. त्याच्या लेकाला पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवायला सांग." त्यांनी चष्मा काढला. "त्याला बरं वाटेल. पुन्हा हरलो म्हणेल." मग चष्मा खिशात घालत म्हणाले, "आणि पुढच्या शनिवारी मासे मी बघणार. तू आणलेला बांगडा शिळा होता."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी आमटीला फोडणी दिली तेव्हा तीच दोन पानं घातली, कारण टाकवत नव्हती आणि ठेवून तरी काय करणार होते? पंगतीत ती दोन्ही माझ्याच वाटीत आली. कढीपत्ता आपण सगळेच बोटाने उचलून ताटाच्या कडेला लावतो. बाबा समोर बसून भात कालवत होते. मला ती पानं त्यांच्यासमोर बाजूला काढता आली नाहीत. मी चावून खाल्ली.